सोमवारचा रुमाल

"आज शेवटचा सोमवार," फाटकाचं कुलूप काढता काढता अनिएल्लो म्हणाला. "उद्यापासून बंद. वरून हुकूम आलाय. कवट्यांपुढे नवस बोलणं म्हणे अडाणीपणा."

"बरं झालं," एर्सीलिया म्हणाली.

म्हाताऱ्या रखवालदाराने वळून पाहिलं. "तू आस्सुन्तीनाची मुलगी ना? आई नाही आली?"

"आई गेली, काका. तीन आठवडे झाले."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि कंदील उचलला.

गुहेत ओल होती. दोन्ही बाजूंना कवट्यांचे ढीग. जुन्या साथींत मेलेले, नावगाव नसलेले लोक. नेपल्सच्या बायका त्यांतली एखादी कवटी आपली मानत, पुसत, तिच्याखाली धुतलेला रुमाल घालत आणि नवस बोलत.

थोरला भाऊ राफायेले युद्धात रशियाच्या बर्फात बेपत्ता झाला तेव्हा एर्सीलिया आठ वर्षांची होती. पुढच्या हिवाळ्यापासून आईचा दर सोमवार इथे जाऊ लागला. शाळेतून यावं तर दाराला कुलूप. त्याच हिवाळ्यात टायफसच्या तापात कापलेले केस पुन्हा नीट उगवलेच नाहीत, मुली चिडवायच्या. ते सांगायलाही सोमवारी घरात कुणी नसायचं. थोरला परत यावा म्हणून आई त्या हाडकापुढे जाऊन बसायची. धाकटी काय, होतीच.

पंचवीस वर्षं हे चाललं. एर्सीलियाने लग्न केलं नाही, आईला सांभाळलं. आणि शेवटच्या दिवशी आईने विचारलं ते एवढंच, "आज सोमवार का गं?"

"काका, नवस पावला नाही तर बायका काय करतात?"

"काय करणार? कवटीचं तोंड भिंतीकडे फिरवतात आणि दुसरी धरतात. आमच्या हिने महिन्याभरात चार बदलल्या, मी सुधारावं म्हणून." तो खोकत हसला. "एकीलाही जमलं नाही."

"आणि आईने एकच धरून ठेवली."

"एकच. मी म्हणायचो, बाई, एवढी पावसापाण्याची येतेस, तर आणखी काही माग की. तर म्हणायची, माझं मागून झालंय."

"हट्टी होती."

"होती खरी."

एर्सीलियाने कोटाच्या खिशातून रुमाल काढला. आईने इस्त्री करून ठेवलेला हा शेवटचा. "तिची कवटी दाखवा, काका. तोंड भिंतीकडे करते आणि जाते. आईला ते जमलं नाही, मला जमेल."

अनिएल्लो थबकला. "पण ती कशी फिरवशील? ती पेटीत आहे."

"पेटीत?"

पेटी कधी देतात हे नेपल्समध्ये पोरासोरांनाही ठाऊक होतं. नवस पावल्यावर, तो फेडताना.

"काहीतरीच काय! राफायेले तर आलाच नाही."

"तिने काय मागितलं होतं ते मला कसं ठाऊक असणार? नवस कुणी बोलून दाखवतं का?" त्याने कंदील खाली धरला. "ही बघ. मी इथे कामाला लागलो, त्याच्या आधीपासून आहे."

लाकडाची ओबडधोबड पेटी होती. आत पिवळी पडलेली कवटी, तिच्याखाली आईच्या हातची शिवण असलेला रुमाल. तीन सोमवारांची धूळ बसली होती. एर्सीलिया गुडघ्यांवर बसली आणि हातातल्या रुमालाने तिने पेटीची पुढची फळी पुसली. धुळीखालून अक्षरं वर आली. खिळ्याने कोरलेली, वाकडीतिकडी, आईचीच.

'नवस फेडला. एर्सीलिया वाचली. फेब्रुवारी १९४४.'