कॉम्प्युटरचा क्लास

बायको गेल्याचं कळलं तो मंगळवार होता. माझा विमान चालवायला शिकण्याचा सहावा धडा होता. घरी मात्र मी कॉम्प्युटरच्या क्लासला जातो असं सांगितलं होतं, कारण मी स्टुलावर चढून बल्ब बदलला तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. एकट्याने विमानाची एक फेरी मारून आलो की सांगू, असं ठरवलं होतं.

त्या दिवशी पहिल्यांदाच मी विमान उतरवणार होतो. धावपट्टी समोर दिसायला लागली आणि रेडिओवर निरोप आला, "सर, आज तुम्हीच उतरवा." शेजारी बसलेल्या, मला शिकवणाऱ्या सरांनी कंट्रोल स्वतःकडे घेतले. सर माझ्या मुलाच्या वयाचे. मी चिडलो.

"साठीच्या माणसावर भरवसा नाही होय तुमचा?"

"भरवसा आहे हो काका. आज राहू द्या."

खाली ऑफिसातल्या बाई उन्हात उभ्या होत्या. मी उतरताच त्यांनी माझा हात धरला. "काका, तुमच्या शेजारच्या बाईंचा फोन होता. काकूंना अटॅक आला. गेल्या हो."

घरी माणसं पांगल्यावर मी शेजारच्या वहिनींना विचारलं, "तिथला नंबर तुम्हाला कुणी दिला?"

"त्यांनीच. धड बोलवत नव्हतं, तरी म्हणाल्या, 'हे विमानात असतील. आधी खाली उतरू द्या, मगच सांगा.'"


तिला खरं सांगायचं माझं राहूनच गेलं.