उत्तर न देणारं दार

कालव्यातून शेतांना पाणी नेणाऱ्या चारीवर नऊ शेतांची नऊ दारं होती, प्रत्येकावर मीटर होता आणि सगळ्यांचं पाणी ब्लॉकचेनवरचं एकच स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, सोडत होतं. ते पाणीसंस्थेच्या प्रोग्रामर मुग्धाने लिहिलं होतं. एका मीटरने जरी उत्तर दिलं नाही, तरी पाण्याची सगळी पाळी रद्द होऊन नऊच्या नऊ दारं मिटत.

त्या नवांपैकी एका शेतकऱ्याला, भटूला, हे ठाऊक नव्हतं. शेजारच्या उखाआप्पाचं पाणी तोडून त्याचा शेतातला कांदा वाळवायचा म्हणून त्याने कुदळीने आप्पाचा मीटर फोडला आणि आडव्या आलेल्या आप्पाचं डोकंही. त्यासरशी भटूचं स्वतःचंही दार बंद झालं. बाकीच्यांनी त्याला चारीत लोळवून हात मोडेपर्यंत तुडवलं.

“पोरी, आमचा कांदा जळतोय,” पाणीसंस्थेचे चेअरमन जिभाऊ रक्ताळलेली काठी आपटत म्हणाले. “आत्ता दुरुस्त कर, नाहीतर यानंतर तू!”

मुग्धाने कॉन्ट्रॅक्टमधला चूक हाताळण्याचा नियम बदलला. “झालं. एक दार बिघडलं तरी बाकीची चालतील.”

“अन् माझं?” डोक्याला टॉवेल दाबून आप्पाने विचारलं.

“मीटर फुटलेलं दार यापुढे उघडंच राहील, आप्पा. मग दुसऱ्याचा मीटर कोण कशाला फोडेल?”

“म्हणजे ज्याचा फुटला, त्याला दिवसरात्र पाणी?” जिभाऊंनी खात्री करून घेतली.

“हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चारीभर फिरून मीटर मोजले. नऊपैकी आठ फुटलेले होते. शाबूत राहिला होता तो एकट्या भटूचा. भटू दवाखान्यात होता.