आतलं कार्ड

फोन स्पीकरवर लागलाय हे चंद्रकुमारच्या लक्षात आलं, तोवर भंडाऱ्याचा दुकानदार टेकचंद भरल्या बैठकीत खणखणीत बोलून मोकळा झाला होता.

"भाऊ, गेम खेळाचा लॅपटॉप कोणता ठेवू? लहान कार्डवाला का मोठ्या कार्डवाला? दुसरं गिऱ्हाईक समोर उभं हाये. दहा मिनिटांत सांगा, नाही तर देऊन टाकतो."

पोह्यांच्या बश्यांवरचे चमचे थांबले. चंद्रकुमारची आई सत्यभामा त्याच्याकडे डोळे वटारून पाहू लागली. मुलगी पाहायला निघताना तिने तीनदा बजावलं होतं, "गेमचं नाव काढू नको." आधीच्या दोन मुलींकडून त्याच नावावरून नकार आला होता. तुमसरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी, घरची धानाची शेती, सुपारीचंही व्यसन नाही. पण हा माणूस रोज संध्याकाळी दोन तास कॉम्प्युटरवर गाड्या पळवतो म्हटलं की मुलीकडचे लोक घड्याळ पाहायला लागत.

"हापिसचं काम हाये," सत्यभामा घाईघाईने म्हणाली.

"गेमचं?" मुलीचे वडील मारोतराव यांनी शांतपणे विचारलं.

शेवटी मारोतरावांनीच तोडगा काढला. "पोरंहो, बोडीवरून एक चक्कर मारून या. जे विचाराचं ते तुमीच विचारा एकमेकाले."

दिघोरीची ती बोडी, म्हणजे लहानसं तळं, घराच्या मागेच होती. तळ्याच्या पाळीवरून मुलगी, रीना, पुढे चालली, चंद्रकुमार मागे. लाखांदूरच्या एका फोटो स्टुडिओत ती लग्नाचे व्हिडिओ तयार करते, एवढंच त्याला ठाऊक होतं. खाली धान निघालेल्या शेताच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवं झालं होतं. त्या पिकाकडे पाहत तो मनातल्या मनात वाक्य जुळवत होता : टाइमपास आहे हो, लग्नानंतर सोडून देईन.

"कोणतं कार्ड घेता मग?" रीनाने वळून विचारलं.

"आँ?"

"दहा मिनिटं म्हणाला ना तो. तीन तर इथंच गेली."

मग चंद्रकुमारने सगळं सांगून टाकलं. मागच्या मृगात वीज पडली आणि त्याचा जुना कॉम्प्युटर जळाला. विटेएवढं ग्राफिक्स कार्ड तेवढं वाचलं. ते त्याने एका वेगळ्या डब्यात बसवून घेतलं. डब्याची वायर लॅपटॉपला जोडली की पडद्यावर चित्र काढायचं सगळं जड काम डबाच करतो. आता फक्त लॅपटॉप हवा होता आणि तिथेच पंधरा दिवसांपासून घोडं अडलं होतं. डबा असताना लॅपटॉपच्या आतलं कार्ड लहान चालेल, का मोठंच घ्यावं? दोन मोठी कार्डं मिळून दुप्पट जोर लावतील असं त्याला वाटे. मग ते खरं नसेल असंही वाटे.

"दुप्पट-बिप्पट काही होत नाही," रीना म्हणाली. "डबा जोडला का आतलं कार्ड नुसतं बसून राहते, पाव्हण्यावानी. प्रोसेसर दमदार घ्या, तो मागून बदलता येत नाही. वायर लावाची जागा डब्याले चालणारी आहे का ते पाहा. अन् स्क्रीन डब्यालेच लावा. नाही तर चित्र त्याच वायरीतून परत येते अन् तुमची गाडी रेंगाळते."

चंद्रकुमार पाहतच राहिला. "तुमच्याकडे डबा आहे?"

"स्टुडिओत आहे. मालकानं मले न विचारता मोठ्या कार्डाचा लॅपटॉप आणला. उचलाले दगडासारखा. दोन वर्षं झाली, ते आतलं कार्ड झोपूनच आहे." ती थांबली. "आता एकच सांगा. डबा सोडून, घराबाहेर किती दिवस खेळता तुमी वर्षातून?"

प्रश्न सोपा होता. आपला एक सद्गुण सांगायची संधी आली म्हणून चंद्रकुमार खूशही झाला. "एकही दिवस नाही. मी कुठं जातच नाही. दोस्ताकडे नाही, मामाकडे नाही. दिवाळीलेही घरीच."

"मग लहान कार्ड पुरे."

"लहान कार्ड," तो म्हणाला. पंधरा दिवसांचा गुंता सुटला होता. पण आपलं बोलणं आता त्याला स्वतःलाच ऐकू आलं. मी कुठं जातच नाही. असा घरकोंबडा नवरा कोणाला हवा? गेमच्या पायी दोन मुली गेल्या होत्या. ही तिसरी त्याने त्याहून मोठ्या हौसेने घालवली होती. रीना बोडीतल्या शिंगाड्याच्या वेलींकडे पाहत उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

मागच्या दारात मारोतराव आणि सत्यभामा येऊन उभे राहिले.

"झालं का?" मारोतरावांनी तिथूनच हाक दिली. "काय ठरलं?"

निदान एक काम तरी आज पक्कं करावं म्हणून चंद्रकुमारने मान खाली घालून दुकानात फोन लावला.

"टेकचंदभाऊ, लहान कार्डवाला ठेवा."

रीनाने त्याच्या हातून फोन काढून घेतला.

"नाही भाऊ, मोठ्या कार्डवालाच ठेवा," ती दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सणावाराले हे सासुरवाडीले येतील, तवा तो डबा काय मांडीवर घेऊन येतील?"