एक चुकीचं वाक्य

"माय फादर इन्साइटेड मी टू स्टडी," अनुपमा वडिलांच्या कानाशी वाकून म्हणाली.

त्यांची पापणीही हलली नाही.

शालिग्राम सरांनी धाड गावच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. इन्साइट म्हणजे चिथावणे. जमावाला दंगलीसाठी चिथावतात. मुलाला अभ्यासासाठी चिथावत नाहीत, तिथे इन्स्पायर. हे कुणी चुकलं की सरांच्या हातातला खडू फळ्यावर आपटून तुटायचा. लेक म्हणून अनुपमाचीही सुटका नव्हती. आता पाच दिवस झाले, सर बुलढाण्याच्या दवाखान्यात डोळे मिटून पडले होते. सकाळी डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या जिव्हाळ्याचं काही बोला. संध्याकाळपर्यंत प्रतिसाद आला नाही, तर उद्या घरी न्या." घरी न्या म्हणजे काय, ते तिला कळलं होतं.

जिव्हाळ्याचं बोलून संपलं. गेलेल्या आईचं नाव घेतलं, नातवाचं घेतलं. मग तिला वाटलं, हा माणूस मायेच्या हाकेला कधी चटकन वळला नाही. चुकीला मात्र भरल्या ताटावरून उठायचा. दुपारपासून ती मुद्दाम चुकत होती.

"मदर इन्साइटेड मी टू ईट. ऐकताय ना बाबा? आईने मला जेवायला चिथावलं!"

शेजारच्या खाटेवर नवऱ्याचे पाय चेपत बसलेल्या कौशल्याबाईंना राहवलं नाही. "काऊन वं बाई, बुढ्याले तरास देऊन राह्यली? जाऊ दे ना त्याले शांतीनं."

"जाऊच द्यायचं नाहीये, मावशी."

पाचच्या सुमारास कचरू आला. धाड-बुलढाणा जीप चालवणारा, पन्नाशी उलटलेला. शाळेत याच एका शब्दापायी सरांनी त्याला वर्षभर बाकावर उभं केलं होतं. कचरूचं वाक्य ऐकून सर जेवढे भडकायचे, तेवढे दुसऱ्या कुणाचं ऐकून नाही. अनुपमाने त्याचं मनगटच धरलं.

"कचरूभाऊ, ते वाक्य म्हणा. तुमच्या तोंडून ऐकलं तर उठतील ते."

"कोन्तं? इन्साइटचं?"

"तेच. शाळेत म्हणायचे तसंच."

कचरूने चपला खाटेपासून लांब काढल्या. सरांच्या पायथ्याशी सरळ उभा राहिला, हाताची घडी घातली.

"माय फादर... इन्स्पायर्ड मी टू स्टडी."

"असं नाही हो! चुकीचं म्हणा."

"हाव, हाव." त्याने सरांच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं. "माय फादर इन्... इन्स्पायर्ड..."

"भाऊ, तुमच्या पाया पडते. एकदा चुका. एकदाच!"

नर्सने वॉर्डातले दिवे लावले. डॉक्टरांची फेरी पहिल्या खाटेपाशी सुरू झाली होती. कचरूने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. ओठ नुसतेच हलले. त्याने हाताची घडी मात्र सोडली नाही.

"चुकू कसा, ताई?" तो हळूच म्हणाला. "सर आयकून राह्यले ना."