बुनिमआजीच्या हाताची चव

थांदेकानं साराची वाटी दोन्ही हातांनी घेतली, तेव्हा बुनिमआजीनं खानावळीतल्या सगळ्यांकडे वळून पाहिलं.

"बघा. हिला शिकवावं लागलं नाही."

"आमच्याकडेही वडीलधाऱ्यांच्या हातून असंच घेतात," थांदेका म्हणाली. ती दक्षिण आफ्रिकेतून बेटावरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आली होती. कोरियन भाषा बेताची येत होती, पण तेवढं वाक्य तिला नीट जमलं. टेबलाभोवतीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

मग तिनं साराचा पहिला घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. समुद्र प्यायल्यासारखं वाटलं. मुळा घालून शिजवलेला बांगडा सारापेक्षा खारट, आणि आंबवलेल्या कोबीची किमची बांगड्यापेक्षा.

बुनिमआजी डाव घेऊन समोर उभी होती. "मीठ बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर, वहिनी," सरपंच प्यो म्हणाला. सगळे मान खाली घालून जेवत होते. कुणाच्या कपाळावर आठी नव्हती. थांदेकानंही मान हलवली आणि भाताचा मोठा घास घेतला. जेवायच्या काड्या भातात तशाच उभ्या रोवून तिनं पाण्याला हात लावला.

"बाई," शेजारची माकसुनमावशी शांतपणे म्हणाली, "आज कुणाचं श्राद्ध आहे? उभ्या काड्या पितरांच्या भातात रोवतात."

सगळे हसले. थांदेकानं काड्या झटकन काढून आडव्या ठेवल्या.

बेटावरची तरुण माणसं केव्हाच शहरांत गेली होती. उरलेली म्हातारी माणसं संध्याकाळी इथंच जेवत. सर्वांत वयस्क माणसानं काड्या उचलल्याशिवाय कुणी अन्नाला हात लावत नसे. कुणी स्वतःचा पेला स्वतः भरत नसे, शेजाऱ्यानं भरायचा. माकसुनमावशी रक्तदाबाची गोळी घेऊनच जेवायला बसे. शेवटी भाताच्या खरवडीचं गरम पाणी येई, ते सगळे वाडग्यामागून वाडगा पीत. आपल्याच माणसांत एवढ्या अदबीनं वागणारी माणसं थांदेकानं पाहिली नव्हती.

फक्त जेवण तिला जाईना. शाळेतलं दुपारचं जेवण मिळमिळीत असे. मुलांसाठी करतात म्हणून तसं, असं तिनं गृहीत धरलं. खरं कोरियन जेवण आजीचं, आणि तेच आपल्याला सोसत नाही, याची तिला लाज वाटे. बदलीचा अर्ज करावा असंही मनात येऊन गेलं.

एका संध्याकाळी तिनं सारात हळूच पाणी ओतायला पेला उचलला. सरपंचानं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"नको, बाई."

"मी आजीला सांगू का, माझ्यापुरतं थोडं कमी..."

"नाही." तो कधी एवढ्या कडक आवाजात बोलत नसे. "स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताला नाव ठेवायचं नाही. ही इथली रीत आहे."

थांदेकानं पेला खाली ठेवला. त्याच वेळी भिंतीवरचा फोन वाजला. आजीचा मुलगा इंचॉनहून बोलत होता. तो काय म्हणतो ते आजीच्या उत्तरांवरूनच सगळ्यांना कळत होतं.

"तुझ्या त्या विसाव्या मजल्यावर बसून मी काय करू, कबुतरं मोजू? हात चालतोय तोवर इथंच. हात चुकला, की त्याच दिवशी कुलूप लावून येते. बस?"

तिनं फोन ठेवला आणि विचारलं, "बरोबर आहे ना सगळं?"

"बरोबर, बरोबर," सगळे एकदम म्हणाले.

थांदेकाला त्या म्हातारीचा ताठा फार आवडला.

मे महिन्यात थांदेकाचा वाढदिवस आला. तो कुणाला ठाऊक आहे असं तिला वाटलं नव्हतं. सकाळी दार उघडलं तर पायरीवर आजी उभी, हातात समुद्री शेवाळाच्या साराचं झाकलेलं पातेलं. "वाढदिवसाला हे प्यायचं असतं. तुझी आई इथं नाही, म्हणून मी केलं." सार नेहमीसारखंच होतं. थांदेका पायरीवर बसली आणि तिनं पातेलं रिकामं केलं. त्या दिवशी तिनं ठरवलं, हे जेवण आपल्याला जमलंच पाहिजे.

आणि ते जमलं. उन्हाळा सरेपर्यंत ती इतरांसारखी न थांबता जेवू लागली. आजीनं विचारायच्या आत म्हणू लागली, "मीठ अगदी बरोबर." माकसुनमावशी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "आता तू आमची."

शरद ऋतूत शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ती ग्वांगजूला गेली. तिथल्या शिक्षकांनी तिला शहरातल्या नावाजलेल्या जुन्या खानावळीत नेलं. टेबल वाट्यांनी भरून गेलं. थांदेकानं सगळं चाखलं आणि मीठ मागितलं. वाढणारी बाई तिच्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खानावळीतही तेच.

परतीच्या बोटीवरून उतरली तेव्हा सरपंच आपला छोटा ट्रक घेऊन धक्क्यावर आला होता. तिची बॅग त्यानं मागे टाकली.

"काय खाल्लंत शहरात?"

"पुष्कळ. पण खरं सांगू? शहरातल्यांना स्वयंपाक येत नाही. सगळं अळणी. माझ्या तोंडाला आता आजीचीच चव लागलीय. तुमची रीत शिकायला मला उन्हाळा लागला, पण शिकले. आज आजीला हे सांगणारच."

सरपंचानं ट्रक सुरू केला. खानावळीच्या खिडकीत दिवा होता. आत माणसं बसली होती आणि बुनिमआजी वाट्या मांडत होती. त्यानं ट्रक थोडा अलीकडेच थांबवला आणि इंजिन बंद केलं.

"तिला हे सांगू नका, बाई."

"का? आनंद होईल तिला."

"शहरातलं जेवण बरोबर होतं," सरपंच म्हणाला. "तीन वर्षांपूर्वीच्या तापात वहिनींच्या जिभेची चव गेली. ते आम्हाला कळलंय, हे त्यांना अजून कळलेलं नाही."