मोकळा खुंटा

"गाय कुठं आहे?" ढोरांच्या डॉक्टरांनी गोठ्यात डोकावून विचारलं.

"चराले गेली," घनश्याम म्हणाला.

गाय तेव्हा कडब्याच्या गंजीमागे ताडपत्रीखाली मरून पडली होती. अंगभर गाठी, पाय सुजून खांबासारखे झालेले. डॉक्टर भला माणूस. त्यानं ताडपत्रीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लम्पी लपवू नका. खबर द्या, औषधपाणी घरी येऊन करतो, फुकट. ढोर दगावलंच तर पंचनामा करू, सरकारी मदत मिळेल. फक्त एक आहे. खबर आली की गावातलं एकही ढोर हद्दीबाहेर जाणार नाही."

मदतीचं घनश्यामनं ऐकलं न ऐकलंसं केलं. हद्दीचं मात्र त्याच्या काळजात रुतलं. उरली होती ती एकटी कालवड, पहिल्याच वेळेला गाभण. लस टोचून घे म्हणून डॉक्टर मागेही सांगून गेले होते, पण गाभ पडेल या धास्तीनं त्यानंच नाही म्हटलं होतं. आता तिला त्याच गोठ्यात, त्याच माशांत बांधून ठेवायचं? त्याच्यानं ते होणार नव्हतं.

संध्याकाळी नवरा-बायकोनं मिळून गाय वावरात पुरली. बायको तोंडात पदर कोंबून रडली. मोठ्यानं रडायचीही सोय नव्हती. मग त्यांनी गोठा झाडला, शेणानं सारवला, खुंट्याभोवती चुना टाकला. गोठा पोळ्याला असतो तसा लख्ख दिसायला लागला.

सकाळी बायको निंदणाला गेली आणि घनश्याम कालवड घेऊन निघाला. सडकेनं गेला असता तर कोणी ना कोणी हटकलं असतं, म्हणून अरुणावती नदीच्या काठाकाठानं. पलीकडे त्याच्या बहिणीचं, कोकिळाचं गाव होतं. तिकडून अजून एकाही ढोराची खबर नव्हती. कालवड दर चार पावलांवर थांबून मागे बघायची. "चाल माय, चाल," तो म्हणायचा आणि दावं हलकेच ओढायचा.

कोकिळा अंगणात होती. भावाला पाहून हसण्याऐवजी ती दचकलीच.

"दादा, तू? असा अचानक?"

"चारा सरला. हिले महिनाभर ठेव तुझ्याकडं," घनश्याम खोटं बोलला. सख्ख्या बहिणीशी बोलला, आणि जीभही अडखळली नाही. "जवाईबुवा कुठं गेले? बैलजोडी बी दिसत नाही."

"चराले गेली," कोकिळा खाली बघत म्हणाली. "हे बी गेले. सांगून नाही गेले कुठं ते. तू बस, पाणी आणतो."

ती आत गेली. घनश्यामनं गोठ्यात पाहिलं. नुकताच सारवलेला, स्वच्छ. त्याला एकदम हायसं वाटलं. रस्ताभर आवळून धरलेला जीव सुटल्यासारखा झाला. त्यानं कालवडीला आत नेलं, कोपऱ्यातल्या मोकळ्या खुंट्याला बांधलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. खुंट्यापाशी हाताला लागलेला चुना धोतराला पुसला.

कोकिळा लोटा घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"दादा, तिले बाहेर काढ."

"काहून? गाभण हाये, सावलीत राहू दे."

"काढ म्हणतो ना! निंबाखाली बांध."

घनश्यामला वाईट वाटलं. बहिणीच्या गोठ्यात आपल्या एका ढोराला जागा नसावी? तो काही बोलणार एवढ्यात खिशातला फोन वाजला. जावई पंजाबराव होते.

"दादा, तुमच्या घरी आलो, तं कोणीच नाही. नाराज नका होऊ, तुम्हाले न इचारता बैलजोडी आणली. आमच्याकडं गाय गेली काल, लम्पीनं. डॉक्टरले बी नाही सांगतलं, जोडी बाहेर काढू देली नसती. तुमचा गोठा लय साफ दिसला, खुंटा बी मोकळाच होता. तिथंच बांधली."