टॅपेटचा आवाज

“इंजिन पूर्ण गार झालंय का बघा, बाबा,” रुचिका म्हणाली. केसरीनाथने ओट्यासमोरच्या मोटारसायकलवर तळहात ठेवला. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन ते, माठासारखं गार. तरी त्याने हात लवकर उचलला नाही. आता झाकण उघडणार होतं, आणि आत काय सापडणार हे घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

गाडी तशी जुनीच. रुचिकाने तिचे मडगार्ड उंच चढवले होते, मोठ्या दातांचे टायर घातले होते आणि रविवारी ती शेलारच्या माळावर चिखलातल्या शर्यतीत उतरणार होती. पण काल काल्हेरच्या गोदामामागे सराव करताना गाडी तापली आणि बंद पडली. किक मारून मारून तिचा पाय भरून आला. पोरं फिदीफिदी हसली. घरी आल्यावर भाऊंनी, केसरीनाथच्या थोरल्या भावाने, निकाल देऊन टाकला: आज गाडी सुधारली तर ठीक, नाहीतर रविवारी कुणाल चालवील. कुणाल त्यांचा मुलगा. तो सकाळपासून पायरीवर बसून मोबाइलवर सापाचा खेळ खेळत होता, आणि बसण्यात आधीच मालकाची ऐट होती.

रुचिकाने टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूंची, झाकणं काढली. पिस्टन वर आणून खूण खुणेला लावली. मग फीलर गेजमधली, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातली, सगळ्यात पातळ पाती व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या फटीत घालून पाहिली. पाती शिरेना. दुसऱ्या व्हॉल्व्हचंही तेच. फट उरलीच नव्हती.

“दिवाळीत मी टॅपेट लावले तेव्हा पाती सरकत होती,” ती म्हणाली आणि तिने कुणालकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघतेस? मला पाना कुठल्या बाजूनं धरायचा तेपण म्हायती न्हाय,” कुणाल म्हणाला. खोटं बोलत नव्हता बिचारा.

 केसरीनाथचं खाडीवर नाव होतं. रेतीच्या होड्यांची इंजिनं त्याच्या कानावर चालायची. टॅपेटची टिकटिक थांबेस्तोवर आवळायचं, मग केसभर सोडायचं, झालं. केसरीनाथने लावलेलं इंजिन वाजत नाही, असं लोक बोलत. आणि नेमकं त्याच्याच दारात, दिवाळीनंतर, पोरीची गाडी टिकटिकत उभी राहिली. शेजारचा चिंधू होडीवाला ऐकून हसला. ते हसणं केसरीनाथला झोंबलं. पोरीचं नाव जायला नको, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ती घरात नसताना दोन्ही टॅपेट आवळून टाकले. पोरीचं कसलं, स्वतःचंच नाव सांभाळलं त्याने!

आता गप्प बसणं सोपं होतं. कुणालवर गेलं असतं, निभलं असतं.

“मी आवळले, बाय,” तो म्हणाला. “वाजत व्हते म्हणून.”

कुणालचा साप भिंतीवर आपटून मेला. काका चुकतो, हे त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

रुचिका रागावली नाही. पाना फडक्याला पुसत म्हणाली, “तुमच्या इंजिनाला गार करायला खाडीचं पाणी व्हतं, बाबा. याला नुसता वारा हाय. हे लय तापतं, तापलं की व्हॉल्व्ह वाढतो, आणि फट नसंल तर उघडाच राहतो. मग दाब कुठून यायचा?”

 चाळीशी गाठली तरी हे केसरीनाथला कुणी सांगितलं नव्हतं. त्यालाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण होडीचं इंजिन कधी अडलंच नाही.

तिने नट सैल केला, स्क्रू किंचित फिरवला, पाती फटीत ठेवून नट आवळला. मग पातीचं टोक त्याच्या हातात दिलं. ओढून बघा म्हणाली. त्याने ओढलं. पाती सुटली, पण आतून कुणीतरी बोट धरून ठेवल्यासारखी, अंगाला घासत. त्याने पुन्हा घातली, पुन्हा ओढली. आयुष्यभर कानाने शोधलेली जागा पोरीने बोटांना दाखवली होती.

दुसरा टॅपेटही तसाच लागला, झाकणं बसली. गाडी सुरू झाली, टिकटिक करत. रुचिका ती घेऊन गोदामामागे गेली आणि चिखलात इतकी पिदडली की परत आली तेव्हा इंजिनाला हात लावायची सोय नव्हती. दारात तिने गाडी बंद केली. भाऊ बाहेर येऊन उभे राहिले. कुणालने मोबाइल खिशात घातला. सगळ्यांचं लक्ष तिच्या पायावर.

तिने किक मारली. एकाच किकमध्ये गाडी सुरू झाली.

 भाऊ कुणालच्या खांद्यावर थाप मारून त्याला आत चहाला घेऊन गेले. निकाल लागला होता.

तेवढ्यात कुंपणापलीकडून चिंधूने मान वर काढली. “केसरीनाथ, टॅपेट वाजतात की रं! हात बिघडला काय तुझा?”

केसरीनाथने गाडीचा ॲक्सिलरेटर जरासा पिळला, म्हणजे चिंधूला नीट ऐकू जावं.

“माझा हात न्हाय तो,” तो म्हणाला. “माझ्या पोरीचा हाय.”